कोंबडीचं निशाण

निशाण शिवलं तेव्हा बोट अजून यायची होती.
इंजिनाला पैसे पुरत नव्हते, कापडाला पुरले.
ओनोफ्रे मास्तरांनी चित्र काढून दिलं:
एक तरंगतं कडं, त्यात दोन वल्ही तिरकी,
आणि वर, पंख पसरून, वादळात उडणारा पक्षी.
मास्तरांना होडी लागायची. चिलोएचा समुद्र
त्यांनी वर्गाच्या खिडकीतूनच पाहिलेला.
पक्षी उतरला तो कोंबडीसारखा.

आम्ही हसलो नाही. म्हणजे, घरी जाऊन हसलो.
एदेलमिरानं लोकरीनं भरली ती जशीच्या तशी,
गोल पोट, आखूड मान,
डोळ्याच्या जागी जुन्या कोटाचं काळं बटण.
पलीकडच्या खाडीतले अजून विचारतात,
"काय, अंडी घालून आलात का?"

खालच्या काठाला दोनच शब्द, स्पॅनिशमध्ये:
परततो सगळे.
आम्ही सतरा जण, बिनपगारी.
सुतार रोसामेल, शिंपले काढणारे दोघे भाऊ,
एक दंतवैद्य, ज्याला सगळ्यात आधी उलटी होते,
आणि मी रेडिओवर, गुडघ्यामुळे.
निशाण एकच. बोट निघाली की
काठीवरून उतरवून डोलकाठीला लावायचं.

इथला वारा वायव्येकडून येतो, उपाशी येतो.
मोकळी कड कुरतडतो.
हिवाळा सरताना एदेलमिरा निशाण मांडीवर घेते,
चार बोटं फाटकं कापते, पुन्हा दुमड घालते.
त्या चिंध्यांनी वाटाण्याचे वेल काठीला बांधते.
अकरा वर्षांत निशाण हातभर आखूड झालं.
'सगळे'चं शेवटचं अक्षर गेलं, मग त्याच्या आधीचं,
मग एका सप्टेंबरात अख्खा शब्द.
उरलं नुसतं: परततो.
मी पाहिलं होतं. बोललो नाही.
कापडाचं काय मनावर घ्यायचं.

पुढच्या मे महिन्यात रोसामेल
दोर टाकायला वाकला,
आणि लाट ओसरली तेव्हा तिथे दोर होता.
माझ्या वहीत वेळ आहे, तीन वाजून सतरा मिनिटं.
पुढे काही लिहिलेलं नाही.
पेन टेकवल्याचा एक ठिपका आहे, निळा.

तेरा दिवस निशाण अर्ध्यावर.
पाऊस. भिजलेल्या लोकरीनं जड झालेली कोंबडी
काठीला चिकटून, खुडूक.

मग राजधानीतून नवं आलं,
नायलॉनचं, छापील, घडीच्या रेषांसकट.
त्यावरचा पक्षी अगदी पक्ष्यासारखा,
शब्द दोन्ही जागेवर.
चांगलं दिसत होतं. कुणी वर बघत नव्हतं.

ऑगस्टमध्ये तो आला, ज्याच्याकडे दोर टाकला होता.
एलिसेओ, पाणबुड्या, बावीस वर्षांचा.
खांद्यावर बटाट्यांचं पोतं. बसला नाही.
दारातूनच काठीकडे बघून म्हणाला,
"ती कुठाय?"
"कोण?"
"कोंबडी."
मग जमिनीकडे बघत, भरभर:
"मला बोट दिसली नव्हती. मिठानं डोळे जळत होते.
दिव्याच्या झोतात हवेत एक कोंबडी, बस.
वाटलं मेलो, मावशीच्या अंगणात पोचलो.
म्हणून हात वर केला,
दाणे टाकायला करतो ना, तसा."

तो हात रोसामेलनं पाहिला असणार.
हे मी म्हणतो. एलिसेओ म्हणाला नाही.
एदेलमिरा बटाटे धूत राहिली,
धुऊन झालेले पुन्हा धूत राहिली.

रविवारी तिनं जुनं निशाण आणून दिलं.
मोकळ्या कडेला नवं कापड जोडलेलं,
एका शब्दाइतकं रुंद, कोरं.
खजिनदारानं विचारलं, "शब्द भरायचा राहिला का?"
"नाही," ती म्हणाली. "वाऱ्याला काहीतरी लागतंच."

आज मंगळवार, माझी रात्र.
वायव्य, पस्तीस नॉट, वाढता.
दंतवैद्य बूट चढवतोय.
वारा अजून कोऱ्या कापडावर आहे.